वीज गेल्यावर माणसं का दगावतात? पोर्तो रिकोच्या वादळांचा इतिहास



पावसाळा जवळ आला की दवाखान्यात काही प्रश्न हमखास येतात. "डॉक्टर, दोन दिवस लाईट नसेल तर फ्रिजमधलं इन्सुलिन टाकून द्यायचं का?" "बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं तर काय करायचं?" "मोबाईलला रेंजच नसेल तर तुम्हाला विचारायचं कसं?" या प्रश्नांची उत्तरं लेखाच्या शेवटी आहेतच. पण ते किती गंभीर आहेत हे समजून घ्यायचं असेल, तर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा इतिहास वाचायला हवा. त्या बेटाचं नाव पोर्तो रिको. तिथे एक वादळ दिवसभर राहिलं आणि त्यानंतरचा अंधार जवळपास अकरा महिने टिकला. वाऱ्याने आणि पुराने थेट जितकी माणसं मेली, त्याहून कितीतरी जास्त माणसं त्यानंतरच्या काळात गेली.

बेटाची ओळख

पोर्तो रिको हे बेट आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडंसं मोठं. मध्ये डोंगर, चहूबाजूंनी समुद्र. १८९८ पर्यंत तिथे स्पेनची सत्ता होती, त्यानंतर अमेरिकेची आली. २०१७ मध्ये लोकसंख्या साधारण ३३ लाख होती. चक्रीवादळ हा तिथल्या जीवनाचा जुनाच भाग आहे. इंग्रजीतला 'हरिकेन' हा शब्दसुद्धा याच भागातल्या ताईनो या मूळ रहिवाशांच्या भाषेतून, स्पॅनिशमार्गे आलेला आहे. पूर्वी तिथे वादळाला त्या दिवशीच्या ख्रिस्ती संताचं नाव देत असत.

१८९९: पाण्याने मारलेली माणसं

८ ऑगस्ट १८९९ रोजी 'सान सिरियाको' हे वादळ बेटावरून गेलं. तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली बरीचशी नद्यांच्या पुरात वाहून गेली. कॉफीचं पीक झोपलं, घरं गेली, उपासमार सुरू झाली. सामान्य घरात तेव्हा वीज नव्हतीच, त्यामुळे ती जाण्याचा प्रश्नही नव्हता.

या वादळाने वैद्यकशास्त्राला एक मोठी देणगी दिली. बेली अ‍ॅशफर्ड हे अमेरिकी सैन्यातले तरुण डॉक्टर पोंसे या शहरात वादळग्रस्तांवर उपचार करत होते. त्यांच्यासमोर पांढरेफटक पडलेले, अंगावर सूज आलेले, चार पावलं चालून दमणारे शेतमजूर येत. सगळे म्हणत, उपासमारीने रक्त कमी झालंय. पण पोटभर जेवण देऊनही ही माणसं सुधारेनात. नोव्हेंबर १८९९ मध्ये अ‍ॅशफर्ड यांनी रुग्णांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यात अंकुशकृमीची, म्हणजे हूकवर्मची अंडी सापडली. अनवाणी पायांतून शरीरात शिरणारा हा जंत आतड्याला चिकटून रक्त पीत होता. पुढे १९०४ पासून बेटावर जंतनाशकाची मोठी मोहीम झाली आणि लाखो लोकांना औषध दिलं गेलं.

यातून पहिला मुद्दा लक्षात घ्या. तो जंत वादळाच्या आधीपासूनच तिथे होता, वादळाने त्याला उघड्यावर आणलं. आपत्ती आली की समाजात आधीपासून असलेला आजार आणि आधीपासून असलेली गरिबी एकदम दिसू लागते.

१९२८: निरोप पोहोचला, माणसं वाचली

१३ सप्टेंबर १९२८ रोजी 'सान फेलिपे' वादळ आलं. वाऱ्याच्या जोराने पाहिलं तर ते आधीच्यापेक्षाही भयंकर. तरीही पोर्तो रिकोमध्ये मृतांचा आकडा तीनशेच्या थोडा वर राहिला, म्हणजे १८९९ च्या जवळपास एक दशांश. याचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे आगाऊ इशारा. वादळ येतंय ही बातमी गावोगावच्या पोलीस ठाण्यांना आधीच कळवली गेली आणि नौदलाच्या केंद्रावरून रेडिओवर पुन्हा पुन्हा सांगितली गेली. लोकांना सुरक्षित जागी जायला वेळ मिळाला.

दुसरा मुद्दा हा: वेळेवर पोहोचलेला निरोप हे औषधच असतं. पुढे २०१७ मध्ये नेमकं हेच औषध संपलं.

२०१७: संपूर्ण बेट अंधारात

त्या वर्षी जुलैमध्येच पोर्तो रिकोच्या सरकारी वीज कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. तारा, खांब आणि उपकेंद्रं जुनी झालेली, देखभाल मागे पडलेली. वीज तयार होते मुख्यतः दक्षिण किनाऱ्यावर आणि सगळ्यात जास्त लागते उत्तरेला, राजधानी सान हुआनच्या भागात. मधल्या वाहिन्या डोंगरांवरून जातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'इर्मा' वादळ बेटाच्या उत्तरेकडून नुसतं शेजारून गेलं, तरी सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज गेली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, 'मारिया' आग्नेय किनाऱ्यावर याबुकोआजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. वादळ बेट आडवं कापून गेलं. संपूर्ण बेटाची वीज गेली, साधारण १५ लाख ग्राहक एकाच वेळी अंधारात. मोबाईलचे ९५ टक्के टॉवर बंद. वीज नाही म्हणून पंप नाहीत, पंप नाहीत म्हणून नळाला पाणी नाही. एटीएम आणि कार्डाची मशीन बंद, त्यामुळे रोख पैसे असतील तरच सामान आणि औषध.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर बेटावरच्या ३,२९९ घरांची पाहणी केली. वर्षअखेरपर्यंतच्या काळात एका घराने सरासरी ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाईलच्या रेंजविना काढले होते. ही फक्त सरासरी. डोंगरातल्या अगदी दूरच्या वस्त्यांमध्ये तर बहुतेक घरांना त्या काळात एक दिवसही वीज मिळाली नव्हती. शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचायला ऑगस्ट २०१८ उजाडला.

अंधारात आजार कसा वाढतो

आता डॉक्टर म्हणून मला जे सांगायचं आहे ते इथे येतं. १८९९ च्या रुग्णाला विजेची गरज नव्हती. २०१७ चा रुग्ण वेगळा होता. तो वृद्ध होता, त्याला मधुमेह होता (पोर्तो रिकोमध्ये साधारण १५ टक्के प्रौढांना मधुमेह आहे), आणि तो आधुनिक उपचारांवर जगत होता. हे उपचार भिंतीतल्या प्लगला जोडलेले असतात, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. बेटावर डायलिसिसचे सुमारे ६,००० रुग्ण होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. एका वेळेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी लागतं. म्हणजे वीज हवी, पाणी हवं आणि केंद्रापर्यंत पोहोचायला रस्ता व पेट्रोलही हवं. जनरेटरचं डिझेल पुरवून वापरण्यासाठी काही ठिकाणी चार तासांचं डायलिसिस तीन तासांवर आणावं लागलं. व्हिएकेस या शेजारच्या छोट्या बेटावरचं केंद्र निकामी झालं आणि तिथल्या रुग्णांना दर वेळी विमानाने मोठ्या बेटावर जावं लागू लागलं. डायलिसिस चुकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय अचानक बंद पडू शकतं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं जातं 'हृदयविकार'. त्यात वादळाचा उल्लेखही येत नाही.

श्वसनाच्या रुग्णांचंही तसंच. घरातलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतून ऑक्सिजन वेगळा करतं, त्याच्या पोटात साठा नसतो. वीज गेली की काही क्षणांत पुरवठा थांबतो. हार्वर्डच्या पाहणीत सुमारे १० टक्के घरांनी सांगितलं की विजेवर चालणाऱ्या श्वसनयंत्राची अडचण आली. औषधंच मिळाली नाहीत असं सुमारे १४ टक्के घरांनी सांगितलं.

संपर्क तुटल्याचा फटका याहून मोठा होता. रुग्णवाहिका असून उपयोग नाही, कारण बोलवायची कशी? ३ ऑक्टोबरला अमेरिकी नौदलाचं 'कम्फर्ट' हे रुग्णालय-जहाज बेटावर पोहोचलं. शस्त्रक्रियेची सोय, शेकडो खाटा, सगळं होतं. तरी सुरुवातीला बऱ्याच खाटा रिकाम्या राहिल्या, कारण कुठल्या रुग्णाला, कोणी, कसं पाठवायचं याचे धागेच जुळत नव्हते. बेटावर रुग्ण होते आणि बंदरात उपचार होते, पण दोघांमध्ये निरोप नव्हता.

पाण्याची कथा कोकणातल्या वाचकांना परिचित वाटेल. नळ बंद म्हणून लोक ओढ्यांचं पाणी भरू लागले, त्यात कपडे धुऊ लागले आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत आपण हाच आजार पाहिला होता.

या वादळाचा परिणाम बेटाबाहेरही गेला. औषधं पातळ करून शिरेतून द्यायच्या छोट्या सलाईन पिशव्या मोठ्या प्रमाणावर पोर्तो रिकोमधल्या कारखान्यांत बनत. ते कारखाने थांबले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत अनेक महिने सलाईनची टंचाई झाली. वादळापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या नर्सना जी औषधं सलाईनमधून सोडायची, ती सिरिंजने हळूहळू हातानेच द्यावी लागत होती.

चौसष्ट की तीन हजार?

वादळानंतर दोन आठवड्यांनी मृतांचा अधिकृत आकडा १६ होता. नंतर तो ३४ झाला, डिसेंबरमध्ये ६४ झाला आणि तिथेच अडकून बसला.

हा आकडा इतका कमी का? कारण मोजण्याची पद्धत. छप्पर अंगावर पडून गेलेला माणूस मोजला जात होता. ऑक्सिजन बंद पडून तिसऱ्या आठवड्यात गेलेली आजी 'नैसर्गिक मृत्यू' ठरत होती. मृत्यूचा संबंध आपत्तीशी असेल तर दाखल्यावर तो कसा नोंदवायचा, याची माहिती अनेक डॉक्टरांपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. शिवाय फोन बंद, रस्ते बंद.

मग संशोधकांनी दुसरा मार्ग घेतला. एरवी या महिन्यांत किती मृत्यू व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती झाले, यातला फरक काढायचा. याला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात. कोविडच्या काळात आपल्याकडेही हा शब्द बराच ऐकू आला. मे २०१८ मध्ये हार्वर्डच्या पाहणीतून ४,६४५ हा अंदाज निघाला. घरोघरच्या पाहणीवर आधारलेला असल्याने त्याची मर्यादा फार रुंद होती, सुमारे ८०० ते ८,५००. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: वादळानंतरच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश मृत्यू घरच्यांच्या सांगण्यानुसार उपचार उशिरा मिळाल्याने किंवा मध्येच तुटल्याने झाले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने मृत्यूनोंदींच्या आधारे सहा महिन्यांसाठी २,९७५ हा आकडा दिला आणि तिथल्या सरकारने तो स्वीकारला. गरीब भागांतले रहिवासी आणि ६५ वर्षांवरचे पुरुष यांच्यातला धोका शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला होता.

जून २०१८ मध्ये, सरकारी आकडा अजून ६४ वर असताना, सान हुआनमध्ये विधिमंडळाच्या इमारतीसमोर लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या चपला आणि बूट आणून ठेवले. एकेक जोडी, शेकडोंनी. आमच्या माणसाला मोजा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मोजदादीचा आग्रह हा नुसता भावनेचा विषय नाही. मृत्यू कशाने झाले हे कळलं तरच पुढच्या वेळी काय साठवायचं, कुठे जनरेटर ठेवायचा, कोणाच्या घरी आधी जायचं हे ठरवता येतं. ६४ मृत्यूंवर उपाय शोधणारा देश मजबूत छपरं बांधेल. तीन हजार मृत्यूंवर उपाय शोधणारा देश डायलिसिस केंद्रांना आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांना आधी वीज देईल.

लोकांनी कसं निभावलं

यात शिकण्यासारखं बरंच आहे, आणि ते खर्चिकच असतं असं नाही.

वादळाच्या तडाख्यात 'वापा रेडिओ' हे जुनं एएम केंद्र चालू राहिलं. लोक तिथे चालत येऊन आपल्या नातेवाइकांसाठी निरोप देत आणि निवेदक ते वाचून दाखवत. बॅटरीवरचा किंवा गाडीतला रेडिओ असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू येत. हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम रेडिओ चालवणाऱ्यांनी, आपल्या संचांवरून निरोपांची ने-आण केली आणि अमेरिकी रेडक्रॉसच्या विनंतीवरून मुख्य भूमीवरूनही त्यांचं पथक आलं. जिथे एखादा टॉवर चालू असेल तिथे महामार्गाच्या कडेला गाड्यांची रांग लागे. लोक फोन उंच धरून उभे असत.

डोंगरातल्या अद्हुंतास गावातली 'कासा पुएब्लो' ही संस्था मला सगळ्यात बोधक वाटते. खाणीच्या विरोधातून १९८० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या इमारतीवर १९९९ पासूनच सौर पॅनेल होते. मारियानंतर साऱ्या गावात तिथेच दिवा होता. लोक तिथे येऊन फोन चार्ज करत, दम्याचे रुग्ण नेब्युलायझर घेत. संस्थेने गावकऱ्यांना सौर कंदील वाटले आणि गरजू रुग्णांच्या घरी सौर ऊर्जेची सोय करायला सुरुवात केली. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, 'फिओना' वादळाने पुन्हा संपूर्ण बेटाची वीज घालवली, तेव्हाही ही इमारत आणि सौर बॅटरी असलेली घरं उजळलेली होती.

आपल्याकडे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग मारियाच्या निम्माही नव्हता. तरीही श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले, फोन बंद पडले आणि अनेक गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. कोकणातल्या घरी आज म्हातारे आई-वडील आणि मुंबई-पुण्यात मुलं, असं चित्र सर्रास दिसतं. म्हणून पुढची तयारी मे महिन्यातच करा.

१. कागद: आजार, औषधांची नावं व मात्रा, रक्तगट, अ‍ॅलर्जी, डॉक्टर आणि नातेवाईक यांचे नंबर एका कागदावर लिहा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाईल बंद पडला की त्यातली सगळी माहितीही बंद.

२. औषधं: बीपी, मधुमेह, हृदय, फिट्स, थायरॉइड यांची किमान दोन ते तीन आठवड्यांची औषधं घरात हवीत. सोबत थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांमध्ये.

३. इन्सुलिन: वीज गेली म्हणून फेकू नका. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चांगलं राहतं. बाहेर काढल्याची तारीख बाटलीवर लिहा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओलं फडकं बांधलेल्या माठात सावलीत ठेवा. दमट हवेत माठ कमी गार होतो, तरी उन्हापेक्षा बराच बरा. बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरू नका. दुसरं मिळत नसेल तर गरम झालेल्या इन्सुलिनची ताकद कमी झालेली असू शकते, साखर वारंवार तपासा, पण टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण थांबवणं सर्वात धोक्याचं.

४. ऑक्सिजन: कॉन्सन्ट्रेटर असेल तर सोबत भरलेला सिलिंडर हवाच. तो तुमच्या लिटरच्या मात्रेला किती तास पुरतो हे पुरवठादाराकडून लिहून घ्या.

५. डायलिसिस: वादळाचा इशारा मिळाला की केंद्राशी बोलून शक्य असेल तर आधीच डायलिसिस करून घ्या. पुढचं लांबलं तर पाणी मोजून प्या आणि केळी, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो टाळा. पर्यायी केंद्र कुठलं, हे आधीच ठरवून ठेवा.

६. जनरेटर: घरात, ओट्यावर, बंद पडवीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

७. पाणी: खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. ओआरएसची पाकिटं ठेवा. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप आला, तर अंगावर काढू नका.

८. निरोप: रेंज कमी असेल तेव्हा फोन लागत नसला तरी साधा एसएमएस अनेकदा जातो. बॅटरीवरचा रेडिओ घ्या. बाहेरगावचा एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी आपली खुशाली त्यालाच कळवायची.

९. वाडीची यादी: ऑक्सिजनवर कोण, डायलिसिसवर कोण, एकटं कोण राहतं, गरोदर कोण, ही यादी आशाताई आणि सरपंचांच्या मदतीने कागदावर करून ठेवा. फोन बंद असतील त्या दिवशी कोणी कोणाच्या घरी चालत जाऊन चौकशी करायची, हेही ठरवा.

शेवटच्या मुद्द्याला एक रुपयाही लागत नाही, आणि पोर्तो रिकोचा अनुभव पाहिला तर सर्वात जास्त जीव त्यानेच वाचतील असं मला वाटतं. तुमच्या घरात वरीलपैकी एखादा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीला येताना तो कागद लिहून आणा, आपण मिळून तपासून घेऊ.

काळजी घ्या.